हेल्मेटातला जावई

लग्न ही दोन माणसांची खासगी बाब आहे, असा समज समाजात पसरवणारे लोक बहुधा अविवाहित असतात. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत हा गैरसमज कधीच नव्हता. तिथे लग्न दोन घराण्यांचे होते, दोन भावक्यांचे होते, मामांच्या दोन गटांचे होते, उसाच्या क्षेत्राचे आणि पाण्याच्या पाळीचे होते. या सगळ्यांचे जुळलेच, तर अक्षता टाकायला समोर कोणीतरी उभे लागते म्हणून, शेवटी एका मुलाचे आणि एका मुलीचेही होते.

या दोघांनी एकमेकांना पाहण्याचा जो कार्यक्रम असतो, तो या व्यवस्थेतला सर्वांत धोक्याचा भाग. बाकी सगळे ठरवता येते. पण ऐन वेळी मुलगा खरा दिसतो, मुलगी खरे बोलते, आणि चार महिन्यांची मध्यस्थी पोह्यांच्या बशीत वाया जाते. हा धोका कायमचा दूर करण्याचे श्रेय शिरूरच्या हौसरावांना द्यावे लागेल.

हौसराव मूळचे मध्यस्थ. रेक्झिनच्या बॅगेत फोटो घेऊन ते एसटीने गावोगाव फिरायचे. जमलेल्या लग्नांचे श्रेय स्वतः घ्यायचे, मोडलेल्यांचे नशिबाला द्यायचे, आणि सुखाने झोपायचे. पुढे त्यांनी एसटी स्टँडजवळ, खतांच्या दुकानाच्या माडीवर वधू-वर संशोधन केंद्र काढले. (संशोधन हा शब्द पाटीवर आधीपासून होता, संशोधन नंतर सुरू झाले.)

२००२ सालाच्या सुमारास पुण्यातला खेळांचा एक हॉल बंद पडला. तिथे डोक्यावर हेल्मेट चढवून राक्षस मारण्याचे एक यंत्र होते. हेल्मेट घातले की डोळ्यांपुढे दुसरेच जग यायचे, आणि मान वळवली की तेही वळायचे. हौसरावांचा हडपसरचा मेव्हणा तेव्हा कॉम्प्युटरचा कोर्स करून घरी बसला होता. (घरी बसणे हा त्या काळी कोर्सचाच दुसरा भाग होता.) त्याने ते यंत्र उचलून आणले, त्यातले राक्षस काढले आणि त्या जागी स्थळे घातली. बदल फारसा करावा लागला नाही, असे तो सांगत असे.

एक हेल्मेट शिरूरला ठेवले, दुसरे दौंडच्या शाखेत, स्टेशनसमोरच्या लॉजच्या माडीवर. मध्ये टेलिफोनची लाइन. वर्तमानपत्रवाल्यांनी याला आभासी वास्तव म्हटले, लोकांनी हेल्मेट म्हटले. 'आमच्या पोरीला परवा हेल्मेट दाखवून आणलं,' असे बायका नळावर सहज बोलू लागल्या.

हेल्मेटात एक बाग होती. पाठीमागे बर्फाचे डोंगर, पुढे कारंजे, आणि कारंजाजवळ तुळशीवृंदावन. डोंगर कॅलेंडरवरून घेतले होते. वृंदावन एका मुलीच्या चुलत्याने हट्ट धरल्यामुळे बसवले. बर्फात तुळस तग धरणार नाही, अशी रास्त शंका काही शेतकऱ्यांनी काढली होती, पण तिथे तुळस बारमाही हिरवी राहिली. या बागेत मुलगा आणि मुलगी स्वतः दिसत नसत, त्यांच्या आकृत्या दिसत. आकृती घरच्यांच्या सांगण्यावरून तयार होई. उमेदवाराची संमती आवश्यक नव्हती, फक्त त्या दिवशी त्याने अंघोळ करून हजर राहावे, एवढीच अट होती. (अंघोळीची अट आईलोकांच्या आग्रहास्तव.) पहिल्या वर्षात शंभरातली नव्वद स्थळे पसंत पडली. उरलेल्या दहांच्या वेळी वीज गेली.

याला कोणी फसवणूक म्हणेल, तर त्याला आपली संस्कृती माहीत नाही असेच म्हणावे लागेल. फोटोग्राफर पूर्वीपासून गालावर ब्रश फिरवत होता. उंची चपलेसकट आणि जमीन भाऊबंदांसकट सांगायची पद्धत होतीच. यंत्राने नवे काहीच केले नाही. जुन्या सभ्यतेला त्याने फक्त वायर जोडली.

न्हावऱ्याच्या पोपटरावांचा मुलगा सत्यजीत या केंद्रात आला तो सगळे उपाय थकल्यावर. पोपटराव गावच्या दूध संस्थेचे संचालक, आणि चेअरमन होण्याची इच्छा बाळगून म्हातारे होत चाललेले. सत्यजीत त्याच संस्थेत आलेले दूध तपासायचा. उंची पाच फूट चार इंच. रंग रानात राबणाऱ्याचा. पुढचा एक दात वासराच्या लाथेने अर्धा गेलेला. हे सगळे लपवता आले असते, पण त्याला खरे बोलायची खोड होती. दूध घालायला आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला तो चारचौघांत, पण अदबीने सांगायचा, "आप्पा, आज गाईनं पाणी जरा जास्तच पिलंया." त्यामुळे त्याला ओळखणारे पुष्कळ होते आणि मुलगी देणारे कोणी नव्हते.

आकृती ठरवण्यासाठी घरात बैठक बसली. वडील पोपटराव, आई मुक्ताबाई, मामा बबनराव आणि तज्ज्ञ म्हणून हौसराव. सत्यजीतला चहा आणायला पाठवले होते. पोपटरावांनी उंची पाच फूट नऊ इंच केली. बबनरावांनी खांदे रुंद केले, मिशी दिली, बोटात अंगठी घातली. मुक्ताबाईंनी फक्त दात नीट करून मागितला, बाकी पोरगं हाय तसं राहू द्या म्हणाल्या. त्यांची सूचना अंशतः मान्य झाली. आवाजाच्या बाबतीत यंत्रात दोनच पर्याय होते, एक राक्षसाचा आणि एक गाड्यांच्या शर्यतीतल्या निवेदकाचा. थोडी चर्चा होऊन निवेदकाचा घेतला. बोलायची वाक्येही हौसरावांनी भरून ठेवली, म्हणजे ऐन वेळी खरे बोलले जाण्याचा प्रश्नच उरला नाही.

चहा घेऊन आलेल्या सत्यजीतने विचारले, मग त्यात माझे काय राहिले? हौसरावांना प्रश्न आवडला नाही. नाव तुझेच आहे, ते म्हणाले. नाव बदलणे केंद्राच्या तत्त्वात बसत नाही.

मुलगी दौंड तालुक्यातल्या भांडगावची. साहेबरावांची अनुपमा. तिची आकृती तिच्या घरच्यांनी ठरवली. मुलाची आकृती वाढवत न्यायची आणि मुलीची बेताने घटवत आणायची, म्हणजे मधे कुठेतरी जुळते, असा केंद्राचा अनुभव होता. अनुपमा बी.एस्सी. झाली होती, मुलगा बारावी, म्हणून तिलाही बारावीवर आणले. (मुलीने मुलापेक्षा जास्त शिकणे हे त्या भागात तिरळेपणासारखेच समजले जाई: दोष मुलीचा नसतो, पण सांगावा लागतो.) तिची मते काढून टाकली, हसणे कमी केले. नाकाचेही काहीतरी केले, पण वाढवले की घटवले हे सांगायला साहेबरावांनी नकार दिला.

पहिली भेट आदर्श झाली. बर्फाच्या डोंगरांपुढे पाच फूट नऊ इंचांच्या सत्यजीतने निवेदकाच्या आवाजात छंद विचारले. बारावी पास अनुपमाने विणकाम, वाचन आणि मोठ्यांची सेवा असे उत्तर दिले. मग दोघांनी तुळशीला नमस्कार केला. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी पाळीपाळीने हेल्मेट घालून खात्री करून घेतली. सत्यजीतला मात्र त्या उंच माणसाचा राग आला. आपल्या नावाने दुसराच कोणी मुलगी बघून जातो आणि आपण आत बसून त्याला वाट करून देतो, हे त्याला सहन होईना. पण राग कोणावर काढायचा हे न कळल्यामुळे तो घरी जाऊन गाभण गाईजवळ बसला.

दुसऱ्या भेटीत वीज गेली. दोन्ही तालुक्यांची एकदमच गेली. (संबंधितांमधला एवढा चांगला समन्वय त्यानंतर दिसला नाही.) डोंगर, कारंजे, तुळस, सगळे काळे झाले. शिरूरला मंडळी चहाला खाली उतरली. पण यंत्राला वीज लागते, टेलिफोनला लागत नाही, ही गोष्ट संशोधन केंद्राच्या ध्यानात आली नव्हती. निवेदक गेला, आकृती गेल्या, आणि काळ्या हेल्मेटांच्या आत दोन माणसे उरली. मग सत्यजीतच्या तोंडून, त्याच्या स्वतःच्या आवाजात, या मुलखातला सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न बाहेर पडला.

"तुमच्याकडं बी गेली का?"

"गेली," पलीकडून एक मुलगी म्हणाली. "इथली सगळी भजी खायला खाली गेल्यात. तुम्ही बोला."

सत्यजीतकडे भरून ठेवलेले एकही वाक्य नव्हते, म्हणून तो खरे बोलला. "मी पाच फूट चारच हाय."

"मग मला काय तुमच्याकडनं चिंचा पाडून घ्यायच्यात? मीबी बारावी न्हाई. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेय."

"म्हंजी दुधातलं तुम्हाला माझ्यापरीस जास्त कळंल."

"दुधातलं न्हाई," ती म्हणाली, "पाण्यातलं कळंल."

सत्यजीत हसला. शाळा सोडल्यापासून तो इतका मोकळा हसला नव्हता. तिने गाईची नावे विचारली, त्याने गाईंच्या खोडींसकट सांगितली. तिला चौफुल्याच्या पुढे जाऊन माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायचे होते, आणि घरात ते कोणाला सांगायची सोय नव्हती, त्याला सांगितले. संशोधन केंद्राच्या इतिहासात एक मुलगा आणि एक मुलगी एकमेकांना भेटल्याची ही पहिलीच घटना. वीज आल्याबरोबर ती संपली, आणि निवेदकाने घाईघाईने छंद विचारले.

सत्यजीत प्रेमात पडला, आणि चांगलाच पडला. त्यानंतरच्या भेटी भारनियमनाच्या वेळेतच ठेवाव्यात, असा आग्रह त्याने शिरूरहून आणि तिने दौंडहून धरला. मुले लाजाळू आहेत, असा हौसरावांनी अर्थ काढला. वीज जाण्याची वाट बघणारे तालुक्यात हे दोघेच होते. कधी वेळापत्रक चुकून वीज राहिलीच, तर दोघेही नाइलाजाने तुळशीला नमस्कार करून घरी जायचे. इकडे दोन्ही घरांनी आकृत्या पसंत केल्या, सुपारी फुटली आणि तिथी धरली.

मधेच दूध संस्थेची निवडणूक आली. पोपटरावांचे नाव पुढे केले असते तर विरोधी गटाने पाडले असते. सभासदांच्या बैठकीत हौसराव म्हणाले, सत्यजीतरावांना उभे करा. यावर सगळी सभा हसली, कारण दुधातले पाणी ओळखणारा चेअरमन कोणालाच नको होता. तो नव्हे, हौसराव म्हणाले, आणि त्यांनी टेबलावर हेल्मेट ठेवले.

सभासदांनी एकेक करून हेल्मेट घातले. आत पाच फूट नऊ इंचांचा सत्यजीत हात जोडून उभा होता आणि प्रत्येकाला सांगत होता, "आपले म्हणणे अगदी बरोबर आहे." विरोधी गटाच्या म्होरक्याचे वीस वर्षांत त्याच्या घरातही कोणी ऐकून घेतले नव्हते. तो डोळे पुसतच हेल्मेटाबाहेर आला आणि पोरगं गुणी हाय म्हणाला. आकृतीला चेअरमन होता येते का, असा मुद्दा एका सभासदाने काढला. आतापर्यंतच्या चेअरमननी उभे राहण्यापलीकडे काय केले होते, असे विचारताच तो खाली बसला. निवड बिनविरोध झाली. हेल्मेटाला हार घातला.

त्या दिवसापासून पोपटरावांच्या घरी माणसांची रीघ लागली. दारात सत्यजीत दिसला की लोक विचारायचे, चेअरमनसाहेब आहेत का घरात? त्याला आधी हसू आले. मग लोक त्याच्याकडेच पाणी मागू लागले आणि पिऊन झाल्यावर तांब्या त्याच्याच हातात देऊ लागले, तेव्हा हसू थांबले. एका संध्याकाळी गोठ्यात त्याने वडिलांना विचारले, "आबा, मी सत्यजीत हाय ना?"

"हायेस की," पोपटराव म्हणाले. "पर सध्या जरा गप ऱ्हा."

पुढचे अरिष्ट बबनराव मामांच्या डोक्यातून निघाले. सगळ्या पाहुण्यांनी मुलगा-मुलगी हेल्मेटात पाहिलेली. आता मांडवात ही खरी दोघे उभी केली, तर दोन्ही घराण्यांची शोभा होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा बोहल्यावर हेल्मेट ठेवावीत, अक्षता त्यांच्यावर पडाव्यात, आणि खऱ्यांनी आपापल्या घरी थांबावे; पुढचे पुढे बघता येईल. हौसरावांनी याला प्रगतीचा पुढचा टप्पा म्हटले. लग्नानंतर माणूस वेगळाच निघतो अशी सगळ्यांचीच तक्रार असते, इथे निदान तो निघणारच नाही, असे त्यांनी पटवून दिले. सत्यजीतला एवढेच कळले की ज्या मुलीवर आपला जीव जडला आहे, तिचे लग्न आपल्याच नावाच्या दुसऱ्या माणसाशी लागणार आहे, आणि आपल्याला त्याचे आमंत्रणही नाही.

त्याने धुतलेला शर्ट घातला, न्हावऱ्याहून एसटीने चौफुला गाठला आणि तिथून जीपला लोंबकळत भांडगावला उतरला. साहेबराव पडवीत बसले होते. मी सत्यजीत, न्हावऱ्याचा, तुमची अनुपमा मागायला आलोय, असे त्याने उभ्या उभ्याच सांगितले. साहेबरावांनी त्याला खालून वर पाहिले. वर फार वेळ जावे लागले नाही. सत्यजीतला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी, तेही तीनदा, हेल्मेटात पाहिले होते. तेव्हा हा माणूस तोतया आहे, हा निष्कर्ष अटळ होता. पुणे जिल्ह्याला तोतयांचा अनुभव पानिपतापासूनचा आहे, त्यामुळे ते गडबडले नाहीत. तोतया असला तरी पाहुणा आहे, म्हणून त्यांनी चहा सांगितला आणि न्हावऱ्याला फोन केला.

दुपारपर्यंत पोपटराव, मुक्ताबाई आणि हौसराव जीपने आले. मांडीवर हेल्मेट आणि मागे बॅटरीवर चालणारा सगळा सरंजाम होता. पडवीत सतरंजी अंथरली आणि खरा सत्यजीत कोणता, हे रीतसर ठरवायचे काम सुरू झाले.

हौसरावांनी आधी उंची घेतली. सतरंजीवरचा सत्यजीत सत्यजीतपेक्षा पाच इंच कमी भरला. आवाजही जुळला नाही. मग दोघांनाही छंद विचारले. हेल्मेटातल्याने वाचन, संगीत आणि समाजकार्य असे क्षणात सांगितले. सतरंजीवरचा विचारात पडला, आणि गाभण गाईजवळ बसायला आवडतं, म्हणाला. साहेबरावांनी उपस्थितांकडे पाहिले. आता आणखी काय पुरावा हवा, असे त्यांच्या चेहऱ्यावर होते.

शेवटी मुलाच्या बापाला विचारायचे ठरले. पोपटराव अडचणीत आले. सतरंजीवरचा आपला म्हणावा, तर चेअरमनपद जाते आणि सोयरीकही जाते. हेल्मेटातला म्हणावा, तर समोर बसलेले पोर बघत होते. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"घरात म्हणाल तर ह्यो," ते म्हणाले. "चारचौघांत म्हणाल तर त्यो."

हे उत्तर फार समतोल आहे, असे हौसराव म्हणाले. सत्यजीतला रडू येत होते आणि ते कोणाच्या नावावर घालावे, हे त्याला समजत नव्हते. तेवढ्यात मुक्ताबाई पुढे सरकल्या. हेल्मेटाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

"सकाळपास्नं काय खाल्लंस का रं?" त्यांनी विचारले.

भूक हा ओळखीचा पुरावा धरता येत नाही, असा निर्णय हौसरावांनी दिला. भूक कोणालाही लागते.

आतले दार उघडले आणि अनुपमा पडवीत आली. कोणी बोलावले नव्हते. या माणसाचा आवाज मी ओळखते, हाच तो, असे तिने सगळ्यांपुढे सांगितले. काळोखात त्यांचे काय काय बोलणे झाले होते, तेही सांगितले. साहेबरावांचा चेहरा उतरला. पण हौसरावांसारखा अनुभवी माणूस अशा वेळी हातपाय गाळत नाही. त्यांनी शांतपणे विचारले, "आपण कोण?"

"अनुपमा."

"आमच्याकडच्या अनुपमा बारावी आहेत. आपलं शिक्षण?"

"बी.एस्सी."

"मग आपण त्या नव्हेत," हौसराव म्हणाले, आणि मुलीच्या बापाकडे वळले.

ही माझी मुलगी आहे, एवढे साहेबरावांनी म्हटले असते तरी काम भागले असते. पण बारावीचा शब्द त्यांनी पोपटरावांना, भावकीला आणि सगळ्या सोयऱ्यांना दिलेला होता. ते सतरंजीचा दोरा ओढत राहिले. अनुपमाने पुष्कळ वाट पाहिली. बापाने एकदा मान वर करावी म्हणून ती थांबली होती, हे सत्यजीतला दिसले. त्याला स्वतःच्या अपमानापेक्षा याचे जास्त लागले.

मग ती चप्पल घालून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि चला म्हणाली. दोघे फाट्याकडे चालू लागले. त्यांना कोणी अडवले नाही. अडवायचे तर आधी ती आपली कोण, हे चारचौघांत सांगावे लागले असते. पडवीतल्या नोंदीप्रमाणे दोन अनोळखी माणसे आली होती आणि चहा घेऊन गेली. मुक्ताबाई तेवढ्या फाट्यापर्यंत मागून चालत गेल्या, आणि पदराला बांधून आणलेली भाकरी त्यांच्या हातात देऊन परत आल्या. (या भाकरीमुळे निकालात काही फरक पडला नाही.)

दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. नोटिशीची मुदत संपेपर्यंत कोणाचीही हरकत आली नाही. दौंडला त्यांनी खोली घेतली. सत्यजीतला दूध शीतकरणाच्या ठिकाणी काम मिळाले, अनुपमा माती तपासू लागली. कधी पगार उशिरा झाला की भांडत, वीज गेली की मिटवत.

दुसरे लग्न ठरल्या तिथीला तळेगाव ढमढेऱ्याच्या मंगल कार्यालयात लागले. मांडव भरगच्च, बोहल्यावर दोन हेल्मेट, एकाला मुंडावळ्या, दुसऱ्याला मुंडावळ्या आणि हिरवा चुडा टेकवलेला. जेवणाबद्दल कोणाचीही तक्रार आली नाही. वधू-वर जेवायला अडून बसले नाहीत, रुसले नाहीत, मानपानावरून शब्द निघाला नाही. हा संसार पुढेही दृष्ट लागण्यासारखा झाला. सून सासूला उलट बोलली नाही, जावयाने सासऱ्याकडे काही मागितले नाही, आणि चेअरमन म्हणून सत्यजीतरावांनी सर्वांचे म्हणणे अगदी बरोबर असल्याचे मुदत संपेपर्यंत सांगितले. दुधाचा पुरवठा त्यांच्या कारकिर्दीत वाढला. पावसाचे प्रमाण तेवढेच होते, हे लक्षात घेता ही वाढ उल्लेखनीय आहे.

एकच उणीव राहिली. नातवंडाची सोय यंत्रात नव्हती. हौसरावांनी मेव्हण्याला विचारून पाहिले, पण तोवर तो परदेशी गेला होता. भारनियमनाच्या धक्क्यांनी यंत्रेही कुरकुरू लागली होती. चेअरमन वाक्याच्या मधेच थांबत, आणि सूनबाई तुळशीला नमस्कार करायला वाकल्या की आठवडाभर वाकलेल्याच राहत. अखेर एका पावसाळ्यात दोन्ही हेल्मेट भंगारवाल्याने वजनावर नेली. दोन्ही घरांत सुतक पाळावे की नाही यावर खल झाला.

त्याच सुमारास दौंडला एका अनोळखी जोडप्याला बाळ झाल्याचे कळले. पोपटराव, मुक्ताबाई आणि साहेबराव यांना तिघांनाही एकाच दिवशी दौंडला वेगवेगळी कामे निघाली. सहज इकडून चाललो होतो, असे प्रत्येकाने दारात सांगितले. मुक्ताबाईंच्या पिशवीत डिंकाचे लाडू होते, तेही सहजच. अनुपमाने पाट दिले, पाणी दिले. साहेबरावांना पाणी देताना तिचा हात थोडा थांबला, पण तिने पेला दिला.

बाळाला मांडीवर घेतल्यावर मुक्ताबाईंनी जो प्रश्न विचारला, तो अशा वेळी सगळ्याच घरांत विचारतात: बाळ कोणावर गेलंय? प्रश्न साधा आहे, पण उत्तर द्यायचे तर आईबापांच्या तोंडाकडे नीट बघावे लागते. पोपटरावांनी सत्यजीतकडे पाहिले. अर्ध्या दाताकडे, रापलेल्या कपाळाकडे, कानांकडे पाहिले. मग सुनेकडे वळले आणि तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. साहेबरावही बघत होते. पोरे शाळेत जाऊन मोठी झाली, लग्नाची झाली, तरी दोघा बापांनी त्यांच्याकडे इतका वेळ कधी पाहिले नव्हते.

"आईवर गेलंय," पोपटराव शेवटी म्हणाले. साहेबरावांनी मान हलवली, आणि मग तोंड फिरवून डोळ्यांना रुमाल लावला.

आता ही आई दिसायला कशी होती, उंच की ठेंगणी, काळी की गोरी, हे या कथेत इथपर्यंत कुठेही सांगितलेले नाही, आणि वाचकांपैकी कोणी विचारलेलेही नाही. तरी बाळ सगळ्यांना स्वच्छ दिसले असेल. गोरेगोमटे, आणि बहुधा मुलगा. हेल्मेट तर त्याआधीच भंगारात गेली होती, त्यामुळे हा दोष यंत्राला देता येत नाही.